उतरत्या उन्हाळ्यातली सावली

राष्ट्रीय घडामोडींवर लिहिणाऱ्याने मे महिन्यात कैरीच्या फाकांवर लेख लिहू नये, असा नियम कोठे नाही. संकोच मात्र असतो. संसद, न्यायालये, केंद्र-राज्य संबंध, निवडणुकांचे निकाल हे सारे सोडून वर्तमानपत्रातील जागा फळांवर आणि झाडांवर खर्ची घालणे म्हणजे वाचकाचा विश्वासभंग, असे मला अनेक वर्षे वाटत आले. यंदा तो संकोच बाजूला ठेवतो आहे. उतरत्या उन्हाळ्यात बंगळूरुमध्ये ज्या लहानसहान गोष्टी मला सुख देतात त्यांची एकदा मनाशी यादी केली, तेव्हा लक्षात आले की त्यांपैकी जवळजवळ एकही माझ्या मालकीची नाही. कोणीतरी, कधीतरी घेतलेल्या सार्वजनिक निर्णयांचे ते उरलेले व्याज आहे, आणि मी ते निवांतपणे उपभोगतो आहे.

कैरीपासूनच सुरुवात करू. एप्रिल-मे महिन्यांत इथल्या बागांच्या फाटकांशी हातगाड्या उभ्या राहतात. त्यांवर तोतापुरी कैऱ्यांचा ढीग असतो. विक्रेती सुरीने कैरीला उभ्या चिरा देते, फाका कोयीपासून सुट्या न करता फुलासारख्या उलगडते, वर मीठ-तिखट भुरभुरते आणि कागदाच्या तुकड्यावर ठेवून हातात देते. शेजारच्या गाडीवर काकडी असते. पलीकडे शहाळी, आणि नशीब असेल तर ताडगोळे. तोतापुरी ही पिकल्यावर फार मानाची जात नव्हे. तिचा गर प्रामुख्याने रसाच्या कारखान्यांत जातो. कच्ची असताना मात्र ती करकरीत, आंबट आणि किंचित गोड लागते. त्या चवीसाठी बंगळूरुचा माणूस वर्षभर वाट पाहतो.

आणि राष्ट्रीय राजकारण कैरीतही शिरतेच. जून २०२५ मध्ये तोतापुरीचे भाव कोसळले असताना आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्हा प्रशासनाने कर्नाटकातून येणारी तोतापुरी आपल्या हद्दीत आणण्यास बंदी घातली. चित्तूरचे रसाचे कारखाने हीच कोलार भागातील बागाईतदारांची मोठी बाजारपेठ. मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांना चंद्राबाबू नायडू यांना पत्र लिहावे लागले आणि अखेरीस केंद्राला भावातील फरकाची भरपाई देण्याची योजना जाहीर करावी लागली. एका देशात, एका करप्रणालीत, शेजारच्या जिल्ह्याला आंबा नेता येत नाही, हे तेव्हा अनेकांना प्रथमच कळले. फाटकाशी उभे राहून मीठ-तिखट चाटणाऱ्या माणसाला यातले काही ठाऊक असण्याची गरज नाही. पण ती हातगाडी तेथे उभी राहू शकते यालाही कायद्याचा आधार आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा २०१४ चा कायदा प्रत्येक शहरात नगर विक्रेता समिती असावी आणि तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेतेच असावेत, असे सांगतो. त्याची अंमलबजावणी कशी होते हे पाहायचे असेल तर कोणा बड्या पाहुण्याची मोटार जाण्याच्या आदल्या दिवशी त्या पदपथावर जावे. गाड्या नाहीशा झालेल्या असतात.

पिकलेल्या आंब्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण मराठी वाचकाशी या विषयावर वाद घालण्यात शहाणपण नाही. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच कुळातला इथला आंबा ‘बादामी’ या नावाने विकला जातो आणि तो आपल्या पायरीने चालतो. माझे मत विचाराल तर मेच्या अखेरीस येणारी रसपुरी या दोघांहून अधिक लोभस आहे. ती कापायची नसते, पिळायची असते. मी ती ‘हॉपकॉम्स’च्या हिरव्या दुकानातून घेतो. एम. एच. मरीगौडा या फलोत्पादन अधिकाऱ्याच्या पुढाकाराने १९५९ मध्ये द्राक्ष उत्पादकांची सहकारी संस्था म्हणून हे काम सुरू झाले. दुकानावर भावाचा फलक असतो आणि घासाघीस करावी लागत नाही. साखर आणि दूध यांपलीकडे सहकाराचा विचार न करणाऱ्या महाराष्ट्राने भाजी-फळांच्या या साध्या दुकानांकडे एकदा पाहायला हरकत नाही. अलीकडे त्या दुकानांची कळा उतरली आहे, हेही खरे. घरपोच भाजी देणाऱ्या कंपन्यांपुढे त्यांचा निभाव कठीण आहे.

परंतु या शहरातील उन्हाळ्याचे खरे सुख झाडांखाली आहे, आणि त्याचा इतिहास सांगण्यासारखा आहे.

गुस्ताव्ह हर्मान क्रुम्बिगल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ १८६५ मध्ये ड्रेस्डेनजवळ जन्मला. लंडनच्या क्यू उद्यानात काम करून तो १८९३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत बडोद्याला आला. तेथून म्हैसूरच्या महाराजांनी त्याला आपल्याकडे बोलावले आणि १९०८ ते १९३२ या काळात लालबागेची सूत्रे त्याच्याकडे राहिली. एक झाड ओसरू लागले की दुसरे फुलावे, म्हणजे वर्षाचा एकही महिना शहराचे रस्ते बिनफुलांचे राहू नयेत, या रचनेचे श्रेय त्याला दिले जाते. हिवाळा सरताना गुलाबी टॅबेबुया, मग नीलमोहोर, मग बहावा, आणि मेमध्ये गुलमोहोर व पीतमोहोर, अशी ती पाळी आजही जुन्या वस्त्यांतून दिसते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध केले. १९५६ मध्ये तो याच शहरात वारला. लालबागेजवळच्या एका रस्त्याला त्याचे नाव आहे. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना हा कोण होता हे सांगता येणार नाही.

गुलमोहोर मूळचा मादागास्करचा, नीलमोहोर आणि पर्जन्यवृक्ष अमेरिका खंडातले, त्यांची ओळ लावणारा जर्मन, त्याला प्रथम हिंदुस्थानात आणणारा राजा मराठा. ‘बाहेरचे’ आणि ‘आमचे’ यांवरून या शहरात अधूनमधून जो वाद पेटतो, तो ऐकताना मला ही यादी आठवते. स्थानिक भाषेचा आग्रह धरणाऱ्यांशी माझे भांडण नाही. बंगळूरुमध्ये वीस वर्षे राहून ज्याला कन्नडमध्ये पाणीही मागता येत नाही, त्याला लाज वाटायला हवी. झाडांना मात्र ही अडचण आली नाही.

क्रुम्बिगलचे नाव निदान रस्त्यावर आहे. एस. जी. नेगिन्हाळ यांचे तेवढेही सर्वपरिचित नाही. वन खात्यातील या अधिकाऱ्याने १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात बंगळूरुच्या रस्त्यांवर आणि वसाहतींत सुमारे १५ लाख झाडे लावली. आज जयनगरच्या किंवा त्या काळात वसलेल्या अन्य वस्त्यांच्या ज्या रस्त्यांवरून आपण दुपारी डोक्यावर रुमाल न टाकता चालू शकतो, त्यामागे त्या पाच-सहा वर्षांचे सरकारी काम आहे. सरकारी काम या शब्दांना आपल्याकडे जो वास येतो तो या ठिकाणी येत नाही. एका अधिकाऱ्याला मुख्यमंत्र्यांचा पाठिंबा मिळाला, बदली झाली नाही आणि त्याने आपले काम केले, एवढीच ती गोष्ट.

झाडांमुळे नक्की किती फरक पडतो, याचे मोजमाप झालेले आहे. हरिणी नगेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूरुच्या रस्त्यांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. झाडे असलेल्या आणि नसलेल्या रस्त्यांची त्यांनी दुपारच्या वेळी तुलना केली. हवेच्या तापमानात ५.६ अंशांपर्यंत आणि रस्त्याच्या पृष्ठभागाच्या तापमानात तब्बल २७.५ अंशांपर्यंत फरक आढळला. मोटारीतून जाणाऱ्याला पहिला आकडा महत्त्वाचा वाटेल. ज्याची चप्पल झिजलेली आहे त्याला दुसरा.

या आकड्यांना अलीकडे वेगळे वजन आले आहे. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवरील या शहरातील जुन्या घरांच्या छताला पंख्याचा आकडाच नसे, असे वडीलधारी माणसे अभिमानाने सांगत. २५ एप्रिल २०१६ रोजी येथील तापमान ३९.२ अंशांवर गेले. वेधशाळेच्या नोंदीतील तो उच्चांक आहे. २८ एप्रिल २०२४ रोजी ते ३८.५ अंश होते. त्या वर्षीचा संपूर्ण एप्रिल कोरडा गेला. आंब्यांना पाड लागण्याच्या सुमारास येणाऱ्या वळवाच्या ज्या सरींवर इथला उन्हाळा तोललेला असतो, त्यांतली एकही पडली नाही. १९८३ नंतर असे प्रथमच घडले. त्याआधी मार्चमध्ये पिण्याचे पाणी मोटार धुण्यास वा बागेला घातल्यास ५,००० रुपये दंडाचा आदेश निघाला होता, आणि शहरातील सुमारे १३,९०० सार्वजनिक कूपनलिकांपैकी ६,९०० कोरड्या पडल्याचे उपमुख्यमंत्र्यांनीच सांगितले होते. अशा उन्हाळ्यात सावली ही शोभेची वस्तू राहत नाही.

यापुढचा भाग लिहिणे मला थोडे जड जाते.

काही वर्षांपूर्वी मेमधील एका दुपारी, एक वाजून गेल्यावर, मी घराजवळच्या एका लहान बागेवरून चाललो होतो. फाटकाला कुलूप होते. बाहेर पदपथावर तीन सफाई कर्मचारी स्त्रिया (इथे त्यांना ‘पौरकार्मिक’ म्हणतात) भिंतीला पाठ लावून डबा खात बसल्या होत्या. भिंतीची सावली जेमतेम हातभर रुंद होती, त्यामुळे तिघींनीही पाय पोटाशी घेतले होते. भिंतीच्या आत पर्जन्यवृक्षाची प्रचंड सावली पसरलेली होती, आणि तिच्याखाली सहा बाक रिकामे होते. एका बाकावर पहारेकरी बसला होता. मी त्याला फाटक उघडायला सांगितले. तो उठून जवळ आला आणि अदबीने म्हणाला, “सर, दुपारी बंद असते. चारला उघडेन.” का, असे विचारल्यावर म्हणाला, “दुपारी नको ती माणसे येऊन झोपतात, अशी लोकांची तक्रार आहे, सर. बैठकीत ठरले आहे.”

ती बैठक मला आठवत होती. वसाहतीतील रहिवाशांची ती बैठक रविवारी सकाळी चहा-बिस्किटांसह झाली होती. बागेत दुपारी अनोळखी माणसे पडलेली असतात, बाकांवर तंबाखूच्या पुड्या सापडतात, मुलींना सायंकाळी जायला संकोच वाटतो, असे मुद्दे निघाले. त्यांत अगदी खोटे काही नव्हते. दहा ते चार बाग बंद ठेवण्याची विनंती खात्याकडे करावी, असा ठराव मांडला गेला. माझ्यासकट सर्वांनी हात वर केले. मी स्वतः पहाटे फिरायला जातो. दुपारी त्या बागेत कोणाला जावेसे वाटत असेल, हा विचार माझ्या मनात आला नाही. नागरी हक्कांवर मी पुष्कळ लिहिले आहे.

त्या स्त्रियांशी मी बोललो. त्यांची हजेरी पहाटे होते आणि झाडलोट करून त्या तेथे पोचेपर्यंत ऊन माथ्यावर आलेले असते. बाग बंद असल्याबद्दल त्यांनी तक्रार केली नाही. एक जण म्हणाली की पुढच्या वळणावर एका बंगल्याच्या दारात होंगेचे झाड आहे (म्हणजे आपला करंज), तेथे त्या पूर्वी बसत. पण घरमालकांनी आता तेथे मोटार लावायला सुरुवात केली आहे.

याच शहरातील लालबागेत पहाटे फिरायला येणाऱ्यांना तिकीट नसते, दिवसा येणाऱ्याला ते काढावे लागते. त्यामागे पर्यटकांकडून देखभालीचा खर्च काढण्याचे समजण्याजोगे कारण आहे. तरीही परिणाम पाहावा: ज्याच्याकडे पहाटेचा मोकळा वेळ आणि चांगले बूट आहेत त्याला बाग फुकट; ऊन टाळण्यासाठी येणाऱ्याला पैसे. कब्बन पार्कचे तसे नाही. १८७० पासून ते शहराच्या मध्यभागी आहे आणि आत शिरायला तिकीट नाही. दुपारी तेथे उच्च न्यायालयातले वकील, रिक्षाचालक, परीक्षेचा अभ्यास करणारे विद्यार्थी, आणि ज्यांना घरी जागा नाही अशी जोडपी एकाच बांबूच्या बेटाच्या आसपास सापडतात. २०१५ पासून रविवारी आतल्या रस्त्यांवर वाहनांना मज्जाव आहे. जानेवारी २०२३ पासून दर शनिवारी काही लोक तेथे सतरंज्या अंथरून एकमेकांशी न बोलता पुस्तके वाचतात. ‘कब्बन रीड्स’ या नावाचा तो उपक्रम आता पुण्या-मुंबईसह कितीतरी शहरांत गेला आहे. त्याला वर्गणी नाही, व्याख्यान नाही, अध्यक्ष नाही. हे सारे शक्य होते ते केवळ फाटक उघडे असल्यामुळे.

जून २०२४ मध्ये बंगळूरु महापालिकेने आपल्या बागा पहाटे ५ पासून रात्री १० पर्यंत खुल्या ठेवण्याचे ठरवले. त्यापूर्वी अनेक बागा दुपारच्या मधल्या वेळेत बंद असत. निर्णय चांगला होता. विरोधही झाला, आणि तो माझ्यासारख्यांच्याच वसाहतींतून झाला. सुरक्षेचे काय, देखभालीचे काय, हे प्रश्न विचारले गेले आणि त्यांचे उत्तर द्यायला कोणी नव्हते. शहराच्या निर्वाचित सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली होती आणि त्यानंतरची पाच वर्षे बंगळूरुने नगरसेवकांशिवाय काढली. दरम्यान जुनी महापालिका मोडून तिच्या जागी २०२५ मध्ये पाच महापालिका आणि त्यांच्यावर एक प्राधिकरण अशी नवी रचना आली. मुंबई-पुण्याच्या वाचकांना हा अनुभव समजावून सांगायला नको. त्यांच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यांनाही वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाताखाली राहावे लागले. उड्डाणपूल आणि भुयारी मार्ग यांचे निर्णय मुख्यमंत्र्यांच्या दालनात होऊ शकतात. बाक कोठे ठेवायचा, नळाला पाणी आहे की नाही, दुपारी फाटक उघडे राहते की पहारेकरी पुन्हा कुलूप लावतो, हे पाहायला प्रभागातला माणूस लागतो. त्याला मत मागायला त्या तीन स्त्रियांच्या दारी जावे लागते, म्हणून त्या बागेत त्यांचाही वाटा आहे हे त्याला विसरता येत नाही.

मोठ्या प्रश्नांवर हे शहर कधीकधी जागे होते, हेही नोंदवले पाहिजे. बसवेश्वर चौकापासून हेब्बाळपर्यंतच्या पोलादी उड्डाणपुलासाठी ८१२ झाडे तोडली जाणार होती, तेव्हा १६ ऑक्टोबर २०१६ रोजी हजारो माणसे त्या रस्त्यावर मानवी साखळी करून उभी राहिली. मार्च २०१७ मध्ये सरकारने तो प्रकल्प सोडून दिला. मी त्या साखळीतल्या माणसांचे कौतुक केले आहे आणि आजही करतो. आता मात्र माझ्या मनात एक उपप्रश्न येतो. ती ८१२ झाडे वाचवणाऱ्यांपैकी किती जणांनी आपापल्या वसाहतीच्या बैठकीत दुपारच्या कुलपासाठी हात वर केला असेल?

आमच्या बागेचे फाटक आता दुपारी उघडे असते. निदान त्यातले लहान दार उघडे असते. मोठे फाटक अजून चारनंतरच उघडतात. मधल्या काळात कोणाच्या तरी सूचनेवरून बाकांच्या मध्यभागी लोखंडी दांडे बसवले गेले आहेत. दोन माणसे त्यावर नीट बसू शकतात, एक माणूस आडवा होऊ शकत नाही. त्यामुळे लोक गवतावर झोपतात.

गेल्या मेच्या अखेरीस एका दुपारी मी रसपुरीची पिशवी घेऊन तेथे गेलो. पहाटे फिरणाऱ्याला ती बाग दुपारी ओळखू येत नाही. पर्जन्यवृक्षाखाली एक गवंडी तोंडावर पंचा घेऊन, चपला उशाला ठेवून झोपला होता. दोन घरकामवाल्या बायका आपापल्या मोबाइलवर काहीतरी पाहत आणि एकमेकींना दाखवत बसल्या होत्या. घरपोच वस्तू देणारा एक मुलगा हेल्मेट न काढताच शहाळे पीत होता. बारीक पिवळी फुले पीतमोहोरावरून सारखी गळत होती आणि गवंड्याच्या पंच्यावर त्यांची एक रांगोळी साचली होती. साडेतीनच्या सुमारास आभाळ पश्चिमेकडून काळे झाले, वारा सुटला, आणि बाहेरच्या कैरीवालीने गाडीवर प्लास्टिक ओढायला घेतले. पहिले टपोरे थेंब वरच्या पानांवर वाजले. खाली यायला त्यांना थोडा वेळ लागला. पहारेकरी गवंड्याजवळ गेला, वाकला आणि त्याच्या खांद्याला हात लावून म्हणाला, “मळे बंतु, एळप्पा.” पाऊस आला, ऊठ बाबा.